नॉर्मल

मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी दिवसभर
एकच शब्द टाइप करते.
साखर नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल.
जतहून पहाटेच्या एस्टीनं आलेली बाई
कागद उलटा धरून विचारते, "नारमल हाय न्हवं?"
मी हो म्हणते, आणि ती
तिथंच जिन्यात बसून डबा उघडते.

एकदा दुपारी लाइट गेली
तेव्हा जुन्या कोशात मी तो शब्द काढला.
वाटलं होतं, मुळाशी कुणी निरोगी माणूस असेल.
निघाला गुण्या.
लॅटिनमधला नॉर्मा, सुताराचा गुण्या;
त्याला लावून काटकोनात बसेल ते नॉर्मल.
ताप, बाळंतपण, माणूस
हे सगळं फार नंतरचं.
आणि मला बघायला आलेले पाहुणे
चहाची बशी ठेवत विचारायचे
"घरात बाकी सगळे नॉर्मल?"
तेही.

बाकी म्हणजे मौनेश, माझा धाकटा.
भुश्शात बसून ढलप्या कानाला लावतो.
चोविसाव्या वर्षी सात शब्द.
सांगलीच्या सिव्हिलमधून त्याचा दाखला आणला
तो अप्पांनी मला वाचायला लावला.
तोच शब्द होता, पुढं 'नाही'.

काहीतरी बोलायचं म्हणून
मी त्यांना लॅटिनचं सांगितलं.
"म्हंजे आमचाच शबुद," अप्पा म्हणाले. "मग बगू की."
खिळ्यावरचा गुण्या काढला.
शिसवी दांडा, पात्यावरचे आकडे झिजलेले,
मालगावातल्या अर्ध्या चौकटी त्यानंच तपासलेल्या.
फळीच्या कडेला लावून एक रेघ मारली.
मग गुण्या उलटा फिरवला
आणि त्याच ठिपक्यावरून दुसरी.
खाली दोन्ही एक.
वर जाता जाता फाकलेल्या,
मध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढ्या.

अप्पा बराच वेळ बघत राहिले.
"कवातरी पडला आसंल हातातनं.
आन् मी दारंच तासत बसलोय."

मौनेशनं फळी उचलून कानाला लावली.

सोमवारी लॅबमध्ये एकशे चाळीस रिपोर्ट होते.
जिथं घालायचा तिथं मी तो शब्द घातला.
प्रिंटरमधून कागद निघाला की
एकदा उलटा धरून बघायची सवय
तेवढी लागलीय.