हलका माल

माझे वडील ज्वालामुखीच्या पायथ्याशी दगड खणत.
दगड कसला, थिजलेला फेस.
लाताकुंगाच्या रस्त्याकडेला खाण,
खाणीसमोर पत्र्याची परात, काठोकाठ भरलेली.
गिऱ्हाईक आलं की मुठीएवढा पोमेस ते पाण्यात सोडत.
तरंगायचा.
गिऱ्हाईक पोरासारखं हसायचं
आणि लगेच घासाघीस काढायचं:
माल हलका आहे, दोन आबेल,
हलक्याचा भाव हलकाच असणार.

मी शिकले ती या एका वाक्यावर चिडून.

आता मी सिलिंडर फोडते.
खाली किनाऱ्यावर, जुनं इस्पितळ पडलं त्याच जागी
नवं उभं राहतंय,
आणि रोज ओतलेल्या काँक्रीटमधून
सहा नळकांडी माझ्यासाठी बाजूला निघतात.
अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्यांना यंत्राखाली ठेवते,
काटा चढताना श्वास धरते,
फुटल्यावर आकडा लिहिते. एवढंच.

जुनं इस्पितळ भारी होतं, सगळे सांगतात.
हातभर जाड भिंती, वर पाण्याच्या टाक्या,
त्याच्याही वर कुणीतरी हौसेनं चढवलेला दगडी क्रूस.
पण जमीन हलते तेव्हा वजनावर हिशेब करते.
जेवढं अंगावर वागवाल
तेवढे तिच्या हाती सापडाल.

हे मी मुकादमाला कागदावर मांडून दाखवलं.
ओविदियो सांब्रानो. त्यानं कागदाकडे पाहिलं नाही,
अंगठीच्या बोटानं नवी भिंत वाजवली:
नारळ आहे हा, इंजिनीअर, भिंत नव्हे.
मग तळलेल्या केळ्याचा काप मोडता मोडता, एकदाच,
म्हणाला की त्याची बायको दुसऱ्या मजल्यावर होती,
डायलिसिसच्या खाटेवर, नळ्या लावलेल्या.
मला जड नको, हलकी नको,
मला न पडणारी हवी.

जूनमध्ये तिसऱ्या मजल्याची स्लॅब नापास झाली.
ऑपरेशन थिएटरची.
सहाही सिलिंडर बिस्किटासारखी भुगा झाली.
माल आमच्याच खाणीतला,
पावतीवर वडिलांची तिरकी सही.
त्या सहीशेजारी मी लिहिलं: नामंजूर.
हात थरथरला का?
थरथरला. अक्षर वाचता येत होतं.

रात्री फोन केला.
पलीकडे बराच वेळ कुत्रं भुंकत राहिलं, मग ते बोलले:
भिजवला होता का तुमच्या लोकांनी?
परातीतला तो दगड सकाळी कुठं असायचा?

तळाशी.
रात्रभर पाणी पिऊन, मुकाट, तळाशी.
गिऱ्हाइकाला तो कधी दिसला नाही.
मला दर सकाळी दिसायचा,
शाळेत जायच्या आधी परात मीच उपडी करायची.

तहानलेला दगड दुसऱ्याचं पाणी पितो, ते म्हणाले,
सिमेंटचं पिऊन टाकलं त्यानं.
आधी पाजा, मग कामाला लावा.
त्या रात्री घाईत ढीग कोरडाच उचलला होता
ओविदियोच्या भाच्यानं.

नऊ दिवस स्लॅब फोडत होते.
ओविदियो स्वतः हातोड्यावर,
मला शिव्या घालत, भाच्याला घालत,
ज्वालामुखीलाही एक.
दहाव्या दिवशी पहाटे मी आले तेव्हा
रबरी पाइप हातात धरून तो पोमेसच्या ढिगाला पाणी घालत होता,
गोठ्यातल्या गाईला पाजावं तसा,
थांबून थांबून.

पुढचं त्यानंच फोनवर सांगितलं, दीड वर्षानं.
साखर तपासायला गेला होता.
येसेनिया नावाची नर्स, दंडाला रबर बांधलेलं, सुई टोचायची बाकी,
आणि जमीन आली.
मोठी नव्हती. पण आली.
तिनं सुई मागे घेतली, त्याचा दंड सोडला नाही.
दोघंही वर बघत राहिले.
छत जरा इकडे गेलं, जरा तिकडे,
सलाईनच्या बाटल्या एकमेकींना टेकल्या,
शेजारच्या खोलीत कुणाचा तरी चमचा पडला.
मग थांबलं.
ती म्हणाली, मूठ आवळा.
टोचलेलं कळलंसुद्धा नाही, इंजिनीअर,
इतका हलका हात.

निघताना त्यानं भिंत वाजवून पाहिली.

काय वाजलं, मी विचारलं.

नारळच, म्हणाला,
आणि साखर किती निघाली ते सांगत बसला.