अधिक सी

उद्यमनगरातली दुसरी पाळी सुटली की
पप्पा येतात. खिशात तेलकट चिंधी,
हातात गंगावेशीतनं आणलेलं
बाटलीभर दूध, अजून कोमट.
मी इंटिग्रेशन उघडून बसलेली.
समासात पेन्सिलीनं लिहिलंय : परवापर्यंत.

परवा कधीच गेला.

"दरवेळी शेवटाला
ते अधिक सी कशाला लावतीस?"
पप्पा दहावी नापास, गणितातच.
पण लेथवर अर्धं सूत चुकलं
तर त्यांना कानानं कळतं.

मी सांगते, डेरिव्हेटिव्ह घेताना
एक आकडा गळून पडतो.
उलटं परत येताना
तो केवढा होता, कुणालाच कळत नाही.
म्हणून सी. प्रिलिमला
मी तो दोनदा विसरले, दोन मार्क गेले.

ते बराच वेळ वहीकडे बघतात.
"म्हंजे कीस," म्हणतात.
"जॉब बघून कुठं सांगता येतंय
बार केवढा हुता."

मग दिवा माझ्याकडे वळवून
भिंतीकडे तोंड करून झोपतात.

पंचेचाळिसावं उदाहरण. टॅन, लॉग,
वर्गमुळाखाली कायतरी, खाडाखोड,
शेवटी सुटतं एकदाचं, मी पान उलटते.

अंधारातनं आवाज येतो :
"सी घातलंस?"