तीन खुणांचं हँडल

सातपूरच्या शेडमध्ये, दोन नंबरच्या लेथमागे
भिंतीवर खडूनं लिहिलंय अजून:
रंगनाथ. बेबीताई. ऋतुजा.
पुढे मिलिमीटर.

शेजवळांकडे सायकल एकच.
रात्री साडेनऊला ती रंगनाथची,
अंबडच्या गोदामावर, कमरेला पट्टा बांधून.
सकाळी सातला तो उतरतो, साडेसातला ऋतुजा चढते, कॉलेजला.
दुपारी चारला बेबीताई,
कॉलेज रोडच्या मेसमध्ये दोनशे पोळ्या लाटायला.
सीट कधी गार होत नाही,
हँडल मात्र कायम रंगनाथच्या उंचीचं.
कोण रोज पाना काढणार, बोल्ट सैल करणार, वरून हातोडी मारणार?

"हिची करंगळी झोपते," रंगनाथ म्हणाला,
"सायकलवरनं उतरली की लाटणं हातात राहत नाही."
मी म्हटलं, डॉक्टरकडे न्या.
मग हँडलकडे पाहिलं.
मग बराच वेळ दुसरीकडे पाहिलं नाही.

पहिला नमुना सोपा होता, म्हणूनच वाईट.
नळीत नळी, भोकं पाडलेली, आरपार पिन.
पिनेला अर्ध्या मिलिमीटरचा खेळ.
व्हर्नियरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही,
त्र्यंबक रोडच्या गतिरोधकावर तो दाढेत वाजतो.

दुसरा नुसत्या दाबावर धरणारा.
तो घेऊन मी स्वतः निघालो पांडवलेणीकडून परत,
उतारावर ब्रेक दाबला
आणि हँडलनं पुढे वाकून
रस्त्याला नमस्कार घातला.
पाठोपाठ मीही.
गुडघ्यावर खूण आहे. ड्रॉइंगवर ती दाखवता येत नाही.

बायको म्हणाली, पगार मिळतो का याचा?
इरफान म्हणाला, ईएन-एटचा तुकडा पडलाय, घे.
मी दोन चकत्या कापल्या,
समोरासमोर छत्तीस छत्तीस दात,
एक दात म्हणजे दहा अंश.
मध्ये स्प्रिंग, बाहेर खटका.
अट एकच लिहून ठेवली होती वहीत:
पिठाच्या हातानं उघडला पाहिजे,
अंधारात, न बघता,
आणि उघडायचा नसेल तेव्हा
कुणाच्या बापाच्यानं उघडता कामा नये.

उंचीच्या नळीवर तीन रेघा कोरल्या.
सगळ्यात वर रंगनाथ, त्याला पाठ वाकवता येत नाही.
मध्ये ऋतुजा.
खाली बेबीताई, पाच फूटही नाही.
त्याच्याही वर एक लाल रेघ: याच्या पुढे ओढू नका.
शेजवळ घेऊन गेले. पैसे विचारले.
मी म्हटलं, महिनाभर चालू दे.

महिन्यानं नाही, सात महिन्यांनी आली सायकल,
खटक्याला तेल द्यायला.
करंगळी? "जागी असते आता," बेबीताई म्हणाली, इतकंच.
मी नळी पुसली.
रंगनाथच्या रेघेवर दातांचे वळ. बरोबर.
ऋतुजाच्या रेघेवर थोडे, बहुतेक खाली सरकलेले,
ती वेगानं जाते, वाकून, कळलं.
बेबीताईच्या रेघेवर दाट.
आणि ऋतुजाच्या रेघेच्या चार बोटं वर,
जिथे मी काहीच कोरलेलं नव्हतं,
एक चौथा वळ, तोही दाटच.

"हा कुणाचा?"

"माझाच," ती म्हणाली. "जाताना खाली घेते,
घाई असते, पेडलवर जोर लागतो.
येताना वर करते.
आठ वाजलेले असतात, लाटून झालेलं असतं,
गंगापूर रोडला वारा असतो.
ताठ बसून येते."

मी खडू शोधला.
एका माणसाची उंची एकच,
हे धरूनच मी सगळं काढलं होतं.
भिंतीवर बेबीताईच्या नावापुढे
स्वल्पविराम दिला, दुसरा आकडा लिहिला.

इरफाननं विचारलं, रेघ कोरायची का चौथी?
मी नळी हातात फिरवली.
नको म्हटलं.
तिला अंधारात सापडते.