अर्धा अंश

बटाट्यांच्या जुन्या कोठारात
रेयो पात्याला कोनमापक लावतो.
अकरा हिवाळे गेले विमान बांधण्यात,
आता अडलंय ते अर्ध्या अंशावर.

पातं जास्त वळवलं तर हवेचा घास मोठा,
इंजिनाला ठसका.
कमी वळवलं तर झपकन वर,
पुढे मात्र नुसताच गलका, अंतर काही कापत नाही.

"लांब जायचंय, की लवकर उठायचंय?"
साइला विचारते, टॉर्कचा पाना पुसत.
लांब म्हणजे कायानी. तिथे भाऊ,
सहा वर्षं न बोललेला.
लवकर म्हणजे धावपट्टीच्या टोकाची स्प्रूसची झाडं,
शेजारी तोडू देत नाही ती.

शेपूट ट्रॅक्टरला बांधून इंजिन चालू केलं.
काटा बावीसशेवर घुटमळला.
साइलाची टोपी राईच्या शेतात.

बंद. बोल्ट सैल. पुन्हा एकेक पातं आडवं.
तिसरं दर वेळी पाव अंश चुकतं.
रेयो त्याला शिव्या घालतो, आईच्या बोलीतल्या.

मग साइला वाकून बघते:
पातं बरोबरच होतं.
मापायची पट्टीच दोन बोटं आत चिकटवलेली.
कोणी?
"मीच," तो म्हणतो,
आणि बराच वेळ नखाने ती खरवडत राहतो.

अर्धा अंश कमी.
"आधी झाडं."
बोल्ट आवळून झाल्यावर
खडूने भिंतीवर
कायानीपर्यंतचे लिटर मांडतो.