फीलर गेज

भोसरीला, टी ब्लॉकमधल्या केबिनमध्ये
टेबलापलीकडे तिघं. मधला म्हणाला,
"मॅडम, चार वर्षं सात महिने गॅप आहे."

गॅप म्हटलं की माझा हात खिशाकडे जातो.
निळ्या एप्रनच्या. आज साडी होती.

तेरा पात्यांचं गेज असायचं त्या खिशात.
सगळ्यात पातळ पातं पॉइंट शून्य पाच,
केसाहून बारीक.
पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, फटीत सरकवायचं.
घट्ट नको, सैल नको,
लोण्यातून सुरी जाते तसं
जरा अडत, जरा जात.
बोटाला कळतं. मग सही.
माझ्या सहीशिवाय पेटी हलत नसे.

लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब केला होता आम्ही:
माझा पगार चौदा हजार दोनशे
वजा दिघीचं पाळणाघर
वजा बसचा पास
वजा पोरीच्या तापाचे दिवस, बिनपगारी.
खाली उरलं ते बघून हे म्हणाले, "एवढ्यासाठी?"
पाळणाघर माझ्याच पगारातून का वजा झालं,
तेव्हा दोघांनाही सुचलं नाही.
पेन तर माझ्याच हातात होतं.

दत्ता शेलार आणि मी एकाच सोमवारी लागलो.
तो जोर करायचा, पातं वाकायचं.
"अरे, ढकलू नकोस, विचार त्याला," मी म्हणायचे.
आमच्या मुलीही एकाच महिन्यातल्या.
त्याच्या बर्फीचे दोन तुकडे घेऊन साहेब म्हणाले,
आता माणूस जबाबदार झाला.
दिवाळीनंतर त्याला लाइन मिळाली.
माझ्या बर्फीचा तुकडा मोडून
अर्धा डब्यात परत ठेवत विचारलं,
"मग, किती दिवस येणार अजून?"

टेबलापलीकडे डावीकडचा आहे तो दत्ता.
फाइलमधून वर बघत नाही.

"या काळात काय करत होतात?"

उलट्या तळहाताने ताप सांगत होते,
थर्मामीटर नंतर हो म्हणायचा.
अंधारात श्वासावरून ओळखायचे
झोप खरी की सोंग.
हे कुठल्या रकान्यात भरतात?
"घरीच होते," मी म्हणाले.

कागद उडू नये म्हणून त्यांनी एक जॉब ठेवला होता,
दोन भाग जोडलेला.
माझं नख त्याच्या सांध्यावरून कधी फिरलं कळलं नाही.
"इथे पॉइंट एक तरी सुटलंय."

मधला हसला.
दत्ता हसला नाही.
खिशातून गेज काढलं त्याने,
एक पातं निवडलं,
आणि या वेळी जोर न करता
सरकवलं.

कुणी काही बोलेना.
बालवाडी साडेतीनला सुटते.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
आणि मी पाहिलं हे
तिघांनीही पाहिलं.