ट्रॅकिंग

सुमंतने पाठवलेली नवी डिस्क टेबलावर पडून आहे,
सेलोफेनसकट.
रंग धुऊनपुसून घेतलेत म्हणे, एक ओरखडा नाही.
मी मात्र तळघरात उतरून
तुझी कॅसेट शोधून आणली, शालन.
पाठीवर तुझं अक्षर : पुसू नये.
आणि खाली तांबड्या शाईत, खास माझ्यासाठी :
क्रिकेटसुद्धा नाही.

रॉचेस्टरमध्ये मार्च संपत आला तरी
बर्फ कोपऱ्याकोपऱ्यात काळा पडून बसलेला असतो,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
व्हीसीआर आधी खोकला,
मग गिळली त्याने कॅसेट.

सगळं तेच.
सत्त्याऐंशी सालच्या वादळाचा इशारा
नायिकेच्या हनुवटीखालून सरकत चाललेला :
मनरो काउंटीतल्या शाळा उद्या बंद.
ती म्हणते, मी वाट पाहीन,
आणि लगेच टायरची जाहिरात.
तेवढ्यात तू कणीक मळून यायचीस,
हात पिठाचे, डोळे पाण्याचे.

मी हसायचो.
छत्तीस वर्षं कोडॅकच्या काळोखात
फिल्मवर थर चढवणारा माणूस मी,
मला पडद्यावर माणसं दिसायचीच नाहीत,
दिसायचा पिवळा, किरमिजी, निळा.
अश्रू ग्लिसरिनचे, सांगायचो,
चंद्र प्लायवूडचा,
आणि हा व्हायोलिनवाला तिच्या प्रत्येक उसाशाला
नेमका कुठल्या कपाटातून निघतो गं?
तू म्हणायचीस, शू.
पंचवीस वर्षांत त्या सिनेमाविषयी
तू माझ्याशी बोललेला तेवढा एकच शब्द.

काल रात्री मध्येच चित्र फाटलं.
पांढऱ्या रेघा. आवाज विहिरीतून आल्यासारखा.
ट्रॅकिंगचं बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.
नाही जुळलं.
पट्टी उगाच कुठेही झिजत नाही.
एकाच जागी थांबवली, मागे नेली, परत थांबवली
की हेड तिथल्या तिथे घासत राहतं
आणि लेप उडून जातो.
एवढं मला कळतं. धंदाच तो माझा.

वाटलं, चुंबन असेल.
किंवा स्टेशनवरचा तो निरोप,
ज्याला तुझ्या भिशीतल्या सगळ्याजणी रुमाल काढायच्या.
पण निरोप पुढे होता, आणि अगदी ठणठणीत निघाला.

मग फोडलं सेलोफेन.
डिस्कवर तीच जागा काढली.
काही घडत नाही गं तिथे.
नवरा खाली पेपर वाचतोय.
ती पलंगावर बॅग उघडते.
दोन ब्लाउज, केसांचा ब्रश, एक फोटो पालथा.
बॅग मिटते. कडेला बसते.
संगीत नाही, व्हायोलिनवाला जेवायला गेला असावा.
मग पुन्हा उघडते,
कपडे परत खणात,
ब्रश आरशापाशी, होता तसाच, दाते खाली.
आणि जिन्यावरूनच विचारते, अंडी किती करू?

बावीस सेकंद. दोनदा मोजले.

कधी बघायचीस?
मी दुसऱ्या पाळीला असताना?
सत्त्याऐंशीतच, की त्या पुढच्या वर्षी,
तुझ्या नोकरीवरून भांडण झालं
आणि मी सहा महिने ताटावर पेपर धरून जेवलो तेव्हा?
की उगीच आपलं,
ती ब्रश कसा ठेवते ते बघायला?
शेजारच्या कोवाल्स्कीबाईंना विचारावं
असलं हे नाही.

माळ्यावर आपली निळी सॅमसोनाइट आहे.
शिडी काढली.
भिंतीला लावून ठेवली, तशीच आहे.

उरलेली कॅसेट शेवटपर्यंत पाहिली,
पहिल्यांदाच. एरवी मी घोरत असायचो.
मग ती मागे गुंडाळली,
सकाळी दुकानात परत द्यायची असल्यासारखी.
त्या जागेशी यंत्र जरासं अडखळलं,
आणि गेलं पुढे.
म्हणजे मागे.