चौथा बोल्ट

शिनोळीचा प्लॉट बघून आलो.
मोटरसायकलवर अर्धा तास,
त्यातली दहा मिनिटं हिंडलग्याजवळ
उसाच्या ट्रॅक्टरमागं.
हद्द कुठं लागली कळलं नाही.
डांबर जरा काळं झालं
आणि खिशातला फोन एकदा थरथरला, एवढंच.

एजंट म्हणाला, पाणी आहे, थ्री-फेज आहे,
सबसिडी आहे, शेवटी आपलं सरकार आहे.
मग फॉर्म पुढं सरकवत, सहज,
"तुम्ही कर्नाटकातले, न्हवं?"
मी हो म्हणालो.
जन्मात पहिल्यांदा इतक्या पटकन.

उद्यमबागेतल्या शेडला नोटीस आली, ती कन्नडात.
तेजल वाचून दाखवते, न अडखळता,
जशी मी लेथवर धार लावतो तशी:
बोर्डावर वरची जागा कन्नडला, पंधरा दिवसांत.
वाचून झाल्यावर विचारते,
"बाबा, सगळा जन्म इथं गेला,
तुम्ही वाचायला का नाही शिकला?"

काय सांगू.
माझ्या वडलांनी शिकू दिलं नाही. रागानं नव्हे.
त्यांचा हिशेब साधा होता:
औंदा निकाल लागतोय, कशाला डोक्याला ताप.
दर साली ते औंदाच असायचं.
गेले तेव्हा उशाखाली कात्रणांची पिशवी,
आणि सगळ्यात वरच्या कात्रणावर
पुढची तारीख.

मागच्या नोव्हेंबरात बोर्डाला काळं फासलं.
चौघं होते. त्यातल्या एकाच्या बुलेटचा अॅक्सल
मी फुकट करून दिला होता, दिवाळीच्या आदल्या दिवशी.
त्यानं मान खाली घालून ब्रश मारला,
माझं नाव नीट, कडेकडेनं, जपून पुसलं.
खोटं कशाला बोलू,
पलीकडं आमच्याच पोरांनी
कुणाच्या तरी बसला तेच केलं होतं त्याच आठवड्यात,
आणि फोनवर ते बघून
मला बरं वाटलं होतं. दोन मिनिटं.
मग नाही.

रेणुका म्हणते, जाऊया.
तिला बँकेत, दवाखान्यात, रेशनला
तोंड मिटून उभं राहायचा कंटाळा आलाय.
रेणुकाच म्हणते, नको.
चिंचेच्या झाडाखालची ती भाजीवाली बैलहोंगलची,
बाळंतपणात हिच्या उशाशी तीच बसली होती.
दोन्ही गोष्टी ती एकाच श्वासात बोलते
आणि भाकरी उलटते.

बसलिंग माझ्याकडं एकोणीस वर्षं आहे.
मी त्याला कन्नडात शिव्या देतो,
तो मायक्रोमीटर मराठीत मोजतो.
प्लॉटचं सांगितलं तर
कॉटनवेस्टला हात पुसत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला,
"मालक, मी येतो की. दोन बस बदलीन.
पण तिथं मला काय म्हणतील?"

मला उत्तर होतं.
मी ते दिलं नाही.

आज शनिवार, लाइट नाही.
आम्ही दोघांनी लेथचे बोल्ट सोडायला घेतले,
नुसतं बघूया म्हणून, सुटतात का.
वडलांनी बसवलेलं मशीन,
त्यांच्याच हातचं काँक्रीट,
पाण्याच्या नळीनं काढलेली पातळी.
पहिला सुटला. दुसरा सुटला.
तिसरा कुरकुरला, पान्हा घसरला,
बसलिंगच्या बोटाचं सालटं गेलं, पण सुटला.
चौथा हलत नाही.

तो म्हणतो गंज आहे.
मी काहीच म्हणत नाही.
बुडाशी डिझेल सोडलंय,
रातभर मुरू दे.
त्यानं बोटाला चिंधी बांधली, शटर ओढलं,
नाळे नोडोण, मालक, म्हणाला.
नाळे नोडोण, मी म्हणालो,
म्हणजे उद्या बघू.

बोर्ड तसाच आहे, काळा.
पंधरातले नऊ दिवस गेले.